पुणे सोडून सातारा की सांगली? बिऱ्हाड हलवण्याआधीचा हिशेब

कात्रजबोगदा
मुद्द्याचं विचारतो. घरात पाच माणसं. नोकरी हिंजवडीत, आठवड्यातून दोन दिवस हजेरी सक्तीची, बाकी काम घरून. मुलं तिसरीत आणि आठवीत. आजी ७२ वर्षांच्या, हृदयाची औषधं चालू. पर्याय दोनच: सातारा शहर किंवा सांगली-मिरज. आधी भाड्यानं राहायचं की थेट प्लॉट घ्यायचा, हेही ठरायचंय. एजंटचं एकच पालुपद, आत्ता घेतला नाही तर पुढच्या वर्षी हात लावता येणार नाही.

'हवा मस्त', 'माणसं जिव्हाळ्याची' हे ऐकून झालंय. अंतर, खर्च, कागद, पाणी, वीज, दवाखाना याबद्दल नेमकं सांगा.

वाढेफाटा
पहिली चाळणी हजेरीची. सातारा ते हिंजवडी साधारण १२५ किलोमीटर, जाऊन-येऊन २५०. गाडी लिटरला १५ देत असेल तर १६-१७ लिटर पेट्रोल, १०५ चा दर धरला तर एका फेरीला पावणेदोन हजार. आठवड्यात दोन सुटे दिवस गेलात तर महिन्याला आठ-नऊ फेऱ्या, म्हणजे पंधरा हजारांचं नुसतं पेट्रोल. तेच मंगळवार-बुधवार असे सलग दिवस घेतले आणि मधली रात्र पुण्यात काढली तर फेऱ्या निम्म्यावर येतात. तेव्हा घर बघायच्या आधी साहेबाकडून सलग दोन दिवसांचं ठरवून घ्या, तेही ईमेलवर. तोंडी ठरलेलं साहेब बदलला की बदलतं.

टोलनाके दोन, आनेवाडी आणि खेड शिवापूर. फास्टॅगच्या वार्षिक पासात २०० ओलांडण्या मिळतात. एका जाण्यायेण्यात चार खर्च होतात, म्हणजे ५० फेऱ्यांत पास संपला. सुटे दोन दिवस धरले तर 'वार्षिक' पास २५ आठवडे चालतो. तरी सुट्ट्या टोलपेक्षा स्वस्तच पडतो.

वेळ: रस्ता मोकळा असेल तर अडीच तास. सोमवारी सकाळी पुण्याकडे आणि शुक्रवारी संध्याकाळी साताऱ्याकडे साडेतीन धरा. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, परतताना घाट चढावा लागतो, आणि अडकायला होतं ते घाटातच. एक ट्रक आडवा झाला की तास गेला. दुसरी गाठ नवले पुलाची. सकाळी सहाच्या आत सातारा सोडलं तरच ती चुकते.

एसटीनं जायचं तर हिंजवडीसाठी स्वारगेटची विनाथांबा पकडू नका. ती बरी आहे, पण स्वारगेटवरून पुढं आणखी तास-दीड तास जातो. मुंबई-बोरिवलीकडे जाणारी बायपासची गाडी धरा आणि वाकडला उतरा.

हळदपेठ
वाढेफाट्यांनी गाडीचा हिशेब मांडला त्यात सांगली बसतच नाही, हे खरं. पेठनाक्यावरून पुणे २३५ किलोमीटरच्या घरात. रोजची ये-जा सांगलीहून होत नाही, कुणी होते म्हणाला तर त्यानं केलेली नाही. सांगली निवडायची तर दोन दिवस हजेरी म्हणजे एक रात्र मुक्काम आणि रेल्वे, असंच धरून चाला. कोल्हापूरहून आणि हुबळीहून सुटणाऱ्या वंदे भारत दोन्ही सांगलीला थांबतात, पण दोघींचे वार आणि वेळा वेगळ्या. चालू वेळापत्रक समोर ठेवून हजेरीचे वार ठरवा, उलटं करू नका.

पण तेवढ्यावरून सांगलीला बाद करू नका ओ. आजी ७२ च्या आहेत, औषधं हृदयाची आहेत, आणि मिरज दहा किलोमीटरच्या आत आहे. वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत १९६२ पासून आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून कर्नाटकातले पेशंटसुद्धा मिरजेला येतात. शिवाय शहर सपाट आहे, म्हातारं माणूस भाजी आणायला चालत जाऊ शकतं. साताऱ्यात राजवाड्याच्या अंगाला चढ-उतार किती, ते एकदा आजींना चालवून बघा.

कात्रजबोगदा
सांगली म्हटलं की सगळे पुराचं नाव घेतात. नेमकं कुठं येतं पाणी?

हळदपेठ
सांगलीत पूर फुटात मोजतात, आयर्विन पुलाजवळच्या पातळीवर. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५४ च्या पुढं. हे चार आकडे पाठ करा आणि घर बघताना एकच प्रश्न विचारा, 'ह्या गल्लीत किती फुटाला पाणी येतं?' सांगलीचा माणूस लगेच सांगतो. जो 'इथं कधीच येत नाही' म्हणतो आणि फूट सांगत नाही, त्याला जागा विकायची आहे.

इशारा पातळीच्या आसपासच पाय भिजतात ते भाग: सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता. पुलापलीकडची सांगलीवाडी वेगळी सांगायला नको. त्याच्या वर गेलं की गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, मग पेठा. विश्रामबाग, वानलेसवाडी, कुपवाड आणि मिरजेचा बराचसा भाग उंचावर. मिरजेत कृष्णाघाटाची बाजू तेवढी सोडा.

खात्री करायची तर तीन ठिकाणी जा. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाकडं पातळीनुसार गल्ल्यांची यादी मागा. जवळच्या जुन्या किराणा दुकानदाराला भिंतीवरची खूण दाखवायला सांगा. आणि महावितरणच्या वायरमनला विचारा, पुरात ह्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर बंद केला होता का? तिसरं उत्तर सगळ्यात खरं असतं, कारण वायरमनला काही विकायचं नसतं.

आणखी एक. घर कोरडं राहिलं तरी पुलापलीकडचा पेठनाक्याचा रस्ता बंद पडू शकतो आणि नळाचं पाणी थांबू शकतं, कारण जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, नदीतच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभराचा शिधा, औषधं आणि प्यायच्या पाण्याचे जार हे विश्रामबागेतल्या घरातही लागतात.

संथवाहते
हे सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं केलं, ते लिहा की आधी.

हळदपेठ
त्याच्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं पाचशे प्रतिसाद पडलेत. इथं पाहुण्यांना घर बघायचंय.

निळीरेषा
पुराच्या गल्लीगणिक माहितीला कायद्याची जोड देतो. नकाशावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम होत नाही. निळी ते लाल यामध्ये अटींवर होतं आणि मुख्य अट जोत्याच्या उंचीची असते.

ह्याचा व्यवहारातला अर्थ असा: निळ्या रेषेच्या आतलं जुनं घर स्वस्तात मिळेल, खरेदीखतही नोंदलं जाईल, पण पुढं पाडून नवं बांधायला परवानगी मिळणार नाही. दुय्यम निबंधक पूररेषा तपासत बसत नाही. जलसंपदा विभागाचा पूररेषेचा दाखला गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घालून वेगळा मागावा लागतो. साताऱ्यातही क्षेत्र माहुली आणि वेण्णेच्या काठची जागा असेल तर हेच करा. पूर म्हणजे फक्त सांगली, असं नाही.

विमा घेताना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी बघा. पूर त्यात धरलेला आहे, आणि घराचा विमा काढला की सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. गाडीच्या विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडा. बुडालेली गाडी चावी फिरवून चालू करायला गेलं की इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत दावा नाकारला जातो.

कात्रजबोगदा
उत्तम. आता प्लॉट. एजंटनं दोन दाखवले. एक कासच्या रस्त्याला, 'एनए होऊन जाईल' म्हणतोय. दुसरा सांगलीत, गुंठेवारीतला. दोन्हीचा सातबारा आहे म्हणे.

सातबारा_वाचक
'होऊन जाईल' हा दस्तऐवज नव्हे. क्रमानं घ्या.

सातबाऱ्यावर पहिली नजर भोगवटादार वर्गावर. वर्ग १ असेल तर पुढं वाचा. वर्ग २ असेल तर विक्रीला शासनाची परवानगी लागते, आणि सातारा-सांगलीत अशा जमिनी भरपूर आहेत: इनाम, वतन, कूळकायद्यात मिळालेल्या आणि धरणग्रस्तांना दिलेल्या. कोयना, धोम, उरमोडी, वारणा, इतकी धरणं म्हटल्यावर पुनर्वसन आलंच. दुसरी नजर 'इतर अधिकार' रकान्यावर. तिथं पुनर्वसनासाठी हस्तांतरणबंदीचा शेरा, बँकेचा बोजा, बहिणीचा हक्क, विहिरीतला हिस्सा, काहीही असू शकतं. शेरा आहे म्हणजे व्यवहार अशक्यच असं नाही, पण शेरा कमी झाल्याचा फेरफार हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.

शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्यानं विकतच घेता येत नाही, कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आड येतं. 'अकरा गुंठे सामाईकात घेऊ, नावं सगळ्यांची लागतील' ही योजना ऐकवली तर उठून या. सामाईक सातबाऱ्यात तुमचा तुकडा कुठला हे कागदावर कुठंच नसतं. बँक कर्ज देत नाही, आणि अकरातला एक जण अडून बसला की बाकीचे दहा वाटपाच्या दाव्यात अडकतात.

बिगरशेतीचं: विकास आराखड्यात जागा रहिवास विभागात असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२ब प्रमाणे वेगळा एनए आदेश लागत नाही. गावठाणापासून २०० मीटरच्या आत असेल तर ४२ड. म्हणून आधी झोन दाखला काढा, तो नगररचनेकडून मिळतो. कासच्या रस्त्याचा प्लॉट बहुधा इथंच नापास होईल. पठाराला २०१२ ला जागतिक वारसा मिळालाय, तिकडच्या बांधकामांवर डोळा आहे, आणि १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही. मोजायला सोपं आहे: पाच फूट आडवं गेल्यावर जमीन एक फुटापेक्षा जास्त चढली की संपलं.

गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेल्या जागेचं: २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित होऊ शकते. पण 'होऊ शकते' आणि 'झाली' यात फरक आहे. महापालिकेचं नियमितीकरण प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेला नकाशा मागा. त्याच्यावर रस्त्याची रुंदी दाखवलेली असते. ती जागेवर टेप लावून मोजा. कागदावर सहा मीटर आणि जागेवर साडेतीन, असं निघालं तर उरलेलं तुमच्या कुंपणातून जाणार.

मग मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून, भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी, आणि शेवटी विसार. एजंट हा क्रम उलटा सांगेल.

फ्लॅट घेत असाल तर एक खाच लक्षात ठेवा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर महारेराची नोंदणी बंधनकारक नाही. छोट्या शहरातल्या बऱ्याच इमारती नेमक्या तेवढ्याच असतात. तिथं मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र तुमचं तुम्हालाच तपासायचंय. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्कात खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे.

मुरूम_आणि_माती
कागद झाले, आता जमीन. इथं दोन्ही शहरं अगदी विरुद्ध आहेत.

सांगलीत काळी माती, नदीच्या बाजूला काही ठिकाणी दहा-पंधरा फूट. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि घर त्याच्यासोबत वर-खाली होतं. प्लॉट एप्रिल-मेमध्ये बघा. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, शेजारच्या कंपाउंडची भिंत कललेली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा, ही लक्षणं. शामरावनगरसारख्या सखल भागात त्याच्या जोडीला पावसाचं पाणी महिनोन्महिने साचतं.

करायचं काय? प्लॉटच्या दोन टोकांना खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते बघा. पाच-सहा फुटांवर लागला तर पाया मुरमापर्यंत न्या, प्रश्न मिटला. त्याच्या खाली गेला तर तळाशी फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, आणि वर प्लिंथ बीम, आणि बीमच्या खाली मोकळी जागा, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. जोत्याची भर मुरमाचीच, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून ठोकून. पायासाठी खणलेली काळी मातीच परत जोत्यात लोटायची खोड इथल्या गवंड्यांना आहे. एक ट्रक मुरूम वाचतो आणि दोन वर्षांत फरशी पोकळ वाजायला लागते. घराभोवती चार फुटांची फरसबंदी बाहेर उतार देऊन करा. भिंतीलगत पाणी मुरलं नाही तर निम्मा त्रास कमी.

साताऱ्यात मुरूम आणि खडक वरच आहे, पाया स्वस्त. पैसा जातो तो उतारावर. डोंगराच्या अंगाला प्लॉट कापून सपाट केला असेल तर मागची संरक्षक भिंत बघा. तिला पाणी निघायला भोकं हवीत, चार-पाच फुटांवर एक, आणि मागं दगडगोट्याची भर. भोकं नसलेली भिंत तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात पोट काढते. आणि प्लॉटची खालची निम्मी बाजू भरावाची असेल तर कॉलम भरावात उभे करू देऊ नका, मूळ जमिनीत उतरवा.

कोयनेचा १९६७ चा भूकंप विसरू नका. स्लॅबच्या आधी कॉलमच्या रिंगांची टोकं बघा: ती १३५ अंशात आत वळलेली हवीत. ९० अंशात नुसती दुमडलेली रिंग हादऱ्यात उघडते. ठेकेदार '९० लाच सगळे करतात' म्हणेल. करू देऊ नका.

शाहूपुरीकर
साताऱ्याच्या पावसाबद्दल मुरूमदादांनी लिहिलं नाही. इथला पाऊस उभा पडत नाही, वाऱ्यावर आडवा येतो. पश्चिमेची भिंत जुलैभर ओली राहते आणि आतून बुरशी धरते. भाड्याचं घर बघताना पश्चिमेच्या खोलीत कपाट सरकवून मागची भिंत बघा. नुकताच रंग दिला असेल तर आणखी बारकाईनं. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी निघायची भोकं बुजलेली असतात, तिथून पाणी आत सांडतं. मालकाकडून तेवढं मोकळं करून घ्या, दोनशे रुपयांचं काम आहे. छज्जा दोन फुटांपेक्षा कमी असेल तर खिडकी चार महिने बंदच राहील असं समजा.

पाणी कुठलं येतं ते विचारा. जुन्या शहराच्या वरच्या भागात कासचं, बाकी उरमोडीवरच्या योजनेचं, आणि उपनगरांत बऱ्याच ठिकाणी जीवन प्राधिकरणाचं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या योजना आणि दोन वेगळ्या वेळा असू शकतात. किती वाजता, किती मिनिटं, आणि उन्हाळ्यात दिवसाआड होतं का, हे तीन प्रश्न मालकाला नाही, शेजारणीला विचारा.

पाच माणसांना माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला पावणेसातशे लिटर. दिवसाआड पाणी आणि एक खाडा धरून २००० लिटरची जमिनीखालची टाकी आणि १००० ची वरची, एवढं हवंच. नुसती वरची टाकी असलेलं घर घेऊ नका. दाब कमी असतो तेव्हा पाणी खालच्या टाकीत येतं, वर चढत नाही. मग लोक थेट नळाला मोटर लावतात, तिला परवानगी नाही आणि पकडली तर जप्त होते.

हळदपेठ
सांगलीत पाणी भरपूर, तक्रार असते ती चवीची. शहराचं सांडपाणी नदीत नेणाऱ्या शेरीनाल्याचं दुखणं जुनं आहे. नळाचं पाणी शुद्ध होऊन येतं, पण बोअरचं वेगळं. ऊसपट्ट्यातल्या जमिनी पाणी देऊन देऊन खारावल्या आहेत, बोअरला क्षार जास्त. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, घर बघायला जाताना खिशात ठेवा. ५०० च्या आत असेल तर यूव्हीचा फिल्टर पुरतो, आरओ लावून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडू नका. १००० च्या वर गेलं तर प्यायला आरओ लागेलच. आणि असं पाणी जड असलं तर गीझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत पांढरी होऊन जळते.

खांबावरची_पेटी
घरून काम आहे म्हणून इंटरनेट आणि वीज एकत्रच लिहितो, कारण इथं पहिलं जातं ते बहुतेक दुसऱ्यामुळं.

केबलवाल्याला '१०० एमबीपीएस आहे का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, 'फायबर घरात येते की खांबावरच्या पेटीपर्यंत?' पेटीपर्यंत फायबर आणि तिथून तांब्याची लॅन वायर असेल तर दोन अडचणी. पेटीतल्या स्विचला वीज लागते, गल्लीतली वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद. आणि एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडली की त्या वायरीतून झटका थेट राउटरला. घरात काचेची फायबर आली तर दोन्ही टळतं.

चाचणी रात्री नऊ ते दहा, तेव्हा सगळी गल्ली सिनेमा बघत असते. डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, व्हिडिओ बैठकीला १० एमबीपीएस स्थिर मिळालं तरी पुष्कळ. ५०० वेळा पिंग करा, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर परत येतं का ते बघा. शंभरातला एक जरी हरवत असेल तर आवाज तुटणार. दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची घ्या, पण तिची वायरही त्याच खांबांवरून येत असेल तर ऊस भरलेली ट्रॉली दोन्ही एकदम तोडून नेते. तेव्हा दुसरी हवेतली, म्हणजे फाइव्ह-जीवर चालणारी बरी. छतावर तिचा सिग्नल आधी तपासून घ्या.

विजेचं गणित: लॅपटॉप ६० वॅट, जादा स्क्रीन ३०, राउटर आणि फायबरची डबी मिळून २०, साधा पंखा ७०, दिवा २०. झाले २००. १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. ७० टक्केच वापरायची आणि इन्व्हर्टरची तूट वजा केली तर हजाराच्या थोडं वर उरतं. म्हणजे पाच तास. महावितरणची देखभालीची दिवसभराची बंदी असेल तर पुरत नाही. पंखा ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा लावा, तासभर वाढतो. डिस्टिल्ड वॉटर दर तीन महिन्यांनी बघा, सांगलीच्या उन्हाळ्यात दीड महिन्यानं.

कात्रजबोगदा
दवाखान्याचं साताऱ्यातून कोणी सांगेल?

वाढेफाटा
साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, आता वैद्यकीय महाविद्यालयही झालंय, खासगीत हृदयाची सोय आहे. मोठं काही निघालं तर कराड पन्नासेक किलोमीटर, नाहीतर पुणे. पण पाटीवर 'कॅथलॅब' (अँजिओप्लास्टी करायची खोली) लिहिलेलं पुरत नाही. रुग्णालयात जाऊन विचारा: रात्री दोन वाजता पेशंट आणला तर अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर किती मिनिटांत येतो? तो साताऱ्यात राहतो की वारानुसार बाहेरून येतो? हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात पेशंट डॉक्टरच्या नजरेला पडल्यापासून दीड तासात रक्तवाहिनी उघडायची असते. पक्षाघाताच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत, पण सीटी स्कॅन आधी लागतो. हे प्रश्न मिरजेतही विचारा, तिथं उत्तर समाधानकारक मिळण्याची शक्यता जास्त, हे हळदपेठ म्हणतात ते मान्य.

आजींचा जुना ईसीजी फोनमध्ये ठेवा. नवा ईसीजी वेगळा दिसतो का, हे त्याच्याशिवाय कळत नाही आणि जुनी फाइल पुण्यातच राहिलेली असते.

निळीरेषा
आरोग्य विमा असेल तर पत्ता बदलण्याआधी पॉलिसीतलं 'झोन'चं कलम वाचा. लहान शहराचा पत्ता दिला की काही पॉलिसींत हप्ता कमी होतो, पण मग पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा ठरलेला टक्का खिशातून भरावा लागतो. पुण्यात शस्त्रक्रिया होण्याची शक्यता असेल तर हप्ता वाचवू नका.

बाई_पहिलीच्या
शाळा राहिली. आठवीतल्या मुलाचं बघा, धाकट्याला कुठंही प्रवेश मिळेल. सीबीएसईमध्ये दहावीला थेट प्रवेश नाही, नववी सीबीएसई शाळेतच झालेली लागते आणि बदलीला मंडळाची परवानगी. म्हणून हलायचं तर नववी सुरू व्हायच्या आत, नाहीतर दहावी होईपर्यंत थांबा. मधला रस्ता काढू नका. बऱ्याच सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये भरतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यात. घर मेमध्ये बदलणार असाल तर फी दोन ठिकाणी भरायची वेळ येते.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात आधारशी अक्षरशः जुळते का, ते तिथंच उभं राहून वाचा. दुरुस्ती जुन्या शाळेतूनच होते, मग त्यासाठी पुण्याच्या खेपा. जुन्या शाळेनं पोर्टलवरून मुलाला सोडल्याशिवाय नव्या शाळेत ऑनलाइन नोंद होत नाही, त्याचाही पाठपुरावा करा. सातारा सैनिक स्कूल डोक्यात असेल तर प्रवेश सहावी आणि नववीलाच, परीक्षेनं.

कात्रजबोगदा
सगळ्यांचे आभार. हजेरी आठवड्याला दोन दिवसांवर राहणार असेल तर सातारा, आणि कायम घरून झाली तर विश्रामबाग-मिरज, असं दिसतंय. प्लॉट आत्ता नाही. अकरा महिने साताऱ्यात भाड्यानं. कुठल्या महिन्यात जावं?

शाहूपुरीकर
मेच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्या पंधरा दिवसांत उन्हाळ्याचं पाणी कळतं आणि पुढच्या तीन महिन्यांत भिंती. गणपतीनंतर आलात तर सातारा इतका छान दिसतो की घर पारखायचं राहूनच जातं.

करारनामा लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत, ऑनलाइन होतो. त्यात तीन ओळी घालून घ्या: एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल, गळती-ओलीची दुरुस्ती मालकाकडं, आणि टँकर लागला तर पैसे कोणी द्यायचे. गाडीचा नंबर बदलायला लागत नाही, एमएच १२ साताऱ्यात चालते, आरसीवर पत्ता तेवढा बदला. गॅस एजन्सी बदलताना रेग्युलेटर जमा करायचा की नाही, ते विचारून घ्या.

हळदपेठ
आणि सामानाचा ट्रक मोठा आणू नका. राजवाडा, मोती चौक, शनिवार पेठ ह्या बाजूला घर घेतलंत तर चौदा फुटी टेम्पोच्या दोन खेपा पाडा. सतरा फुटी वळत नाही, मग मुख्य रस्त्यापासून हमाल लावून कपाटं वाहावी लागतात.

शाहूपुरीकर
सांगलीकरांना साताऱ्याची वळणं बरी माहीत. बरोबर आहे पण. आणि टेम्पो गुरुवारी बोलावू नका, आठवडी बाजार असतो तिथं.

हळदपेठ
आमच्याकडं शनिवारी असतो.